फोटो नेटवर टाकला म्हणजे बेवारस झाला काय?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत स्टुडिओचा धंदा करणारे आमचे एक स्नेही मध्यंतरी भेटायला आले. बरोबर त्यांच्या शेजारचे एक हिमरू विणकर होते. दोघांच्या हातात मोबाईल आणि दोघांची तक्रार एकच, आपला फोटो दुसऱ्याने उचलला.

स्टुडिओवाल्या भाईंनी पावसाळ्यातील एका पहाटे पाणचक्कीचा फोटो काढला होता. हौदात पडणारे पाणी आणि मागे धूसर आकाश असा तो फोटो लोकांना फार आवडला. काही महिन्यांनी तोच फोटो एका सहल कंपनीच्या जाहिरातीत दिसला. कोपऱ्यात भाईंचे नाव होते, तेवढी पट्टी कापलेली. विणकरांचे दुखणे याहून मोठे. त्यांनी आपल्या हिमरू शालींचे फोटो पैसे देऊन याच भाईंकडून काढून घेतले आणि ऑर्डर मिळावी म्हणून नेटवर टाकले. दूरच्या एका शहरातील विक्रेत्याने ते उचलून आपल्या दुकानाच्या पानावर लावले आणि निम्म्या भावात ‘हातमागाची शाल’ म्हणून ऑर्डरी घेतल्या. गिऱ्हाईकाच्या हाती पडली ती यंत्रावर छापलेली शाल. फोटोत विणकरांच्या दुकानाची पाटी दिसत होती. त्यामुळे फसलेले गिऱ्हाईक शिव्या द्यायला फोन करीत होते ते यांनाच!

दोघांनीही चार ठिकाणी विचारपूस केली होती. सगळीकडे एकच उत्तर मिळाले. नेटवर टाकला ना? मग आता तो कोणाचाच राहिला नाही.

हे उत्तर चुकीचे आहे आणि ते आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंचे नुकसान करीत आहे. म्हणूनच आज या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

निगेटिव्ह गेली, हक्क गेला नाही

रोलच्या काळात हिशेब सोपा होता. निगेटिव्ह ज्याच्या कपाटात, फोटोची कळ त्याच्या हातात. गिऱ्हाईकाला दुसरी प्रत हवी असेल तर त्याला स्टुडिओची पायरी चढावीच लागे. आज फोटो उचलायला बोटाचा एक स्पर्श पुरतो. माल सहज उचलता येतो म्हणून लोकांनी तो बेवारस ठरवून टाकला. पण दुकानाबाहेर मांडलेले कापडाचे ठाण कोणी उचलून नेले तर ते बाहेर होते म्हणून नेले, ही सबब आपण ऐकून घेऊ काय?

कायदाही ही सबब ऐकत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र हे कलाकृतींमध्ये मोडते आणि ज्याने ते काढले तो त्याचा कर्ता मानला जातो. हा हक्क फोटो काढताच जन्माला येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. आणि नेटवर टाकल्याने तो संपतही नाही. आपण एखाद्या समाजमाध्यमावर खाते उघडतो तेव्हा त्या कंपनीला आपला फोटो दाखविण्याची परवानगी देतो. ही परवानगी त्या कंपनीपुरती असते. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ती मिळत नाही.

हैतीच्या छायाचित्रकाराचा खटला

हा मुद्दा जगातील एका गाजलेल्या खटल्यात तपासला गेला आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैती या गरीब देशात भयंकर भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाली. तिथलेच रहिवासी असलेले छायाचित्रकार डॅनियल मोरेल कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरले. काढलेले फोटो त्यांनी ट्विटपिक या सेवेमार्फत ट्विटरवर टाकले. दुसऱ्या एका माणसाने ते उचलून आपल्या खात्यावर लावले. तेथून ते एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने घेतले. गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या बड्या कंपनीमार्फत ते जगभरच्या वृत्तपत्रांना गेले, आणि सुरुवातीला तर ज्याने उचलले त्याच्याच नावाने गेले.

मोरेल यांनी तक्रार केल्यावर वृत्तसंस्थेनेच मार्च २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात धाव घेतली आणि आम्ही कोणाचा हक्क मोडला नाही असे जाहीर करा, अशी मागणी केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसेच मोरेल यांना वाटले असेल. वृत्तसंस्थेचे म्हणणे असे की ट्विटरवर टाकलेला फोटो ट्विटरच्या नियमांनुसार वापरायला मोकळा होतो. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्यूरीने ठरविले की हक्कभंग जाणूनबुजून झाला. आठ फोटोंसाठी १२ लाख डॉलर भरपाई द्यावी, असा निर्णय तिने दिला.

अमेरिकेतील भरपाईचे आकडे आपल्याकडे मिळतील असे आम्ही सांगत नाही. तिथला कायदा वेगळा. पण तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. फोटो लोकांना दाखविणे म्हणजे तो लोकांना देऊन टाकणे नव्हे. आणि आपल्या कामाचा साधा कारागीरसुद्धा बड्या कंपनीसमोर उभा राहू शकतो. मात्र त्याच्याजवळ पुरावा हवा आणि तीन-चार वर्षे थांबण्याचा सब्र हवा.

हक्क नेमका कोणाचा?

आता आमच्या दोन स्नेह्यांकडे येऊ. आम्ही त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा की या फोटोंचे मालक कोण? दोघेही एकदम म्हणाले, फोटोग्राफर. इथेच गफलत होती.

पाणचक्कीचा फोटो भाईंनी स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या खर्चाने काढला. त्याचे कर्तेही तेच आणि मालकही तेच. शालींचे फोटो मात्र विणकरांच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेले. कायद्याचे कलम १७ सांगते की असा फोटो पैसे देऊन काढून घेणारा माणूसच त्याचा पहिला मालक ठरतो, दोघांत उलट करार झाला नसेल तर. म्हणजे शालींच्या फोटोंचा हक्क विणकरांचा, आणि तक्रारही त्यांनीच करायला हवी होती. भाईंनी आपल्या नावाने दोन महिने तक्रारी केल्या. मालकीचा पुरावा मागितल्यावर त्या अडकल्या. स्टुडिओत पगारावर काम करणाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून काढलेले फोटोही, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः मालकाचेच असतात.

याचा अर्थ फोटोग्राफरच्या हाती काहीच उरत नाही असा नाही. कलम ५७ प्रमाणे काम माझे आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क मालकी दुसऱ्याकडे गेली तरी त्याच्याकडेच राहतो. आपल्या कामाची मोडतोड करून अब्रूला धक्का लावला गेला तर त्यालाही तो हरकत घेऊ शकतो.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा की पावतीवर दोन ओळी वाढवा. ‘या छायाचित्रांचा कॉपीराइट अमुक यांचा राहील. वापर अमुक कामासाठी, अमुक मुदतीसाठी.’ खाली दोघांच्या सह्या. हक्क दुसऱ्याला कायमचा लिहून द्यायचा असेल तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावा. लिहिला नाही तर कायदा मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत एवढाच धरतो. हस्तांतर लेखी व सहीचे नसेल तर ते ग्राह्यच धरले जात नाही. तोंडी व्यवहारावर भरवसा ठेवणे ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे, पण या बाबतीत ती उपयोगाची नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवण्यासारखी आहे. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपत असे. आता तो छायाचित्रकाराच्या हयातभर आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे चालतो. म्हणजे जुन्या उस्ताद फोटोग्राफरच्या कपाटातील चांगले फोटो ही त्याच्या वारसांचीही मिळकत आहे. ती रद्दीत घालू नये.

आधी आपले अंगण झाडू या

इथे स्टुडिओवाल्या बंधूंना चार कडू शब्द ऐकवणे आम्हाला भाग आहे. लग्नाचे फोटो गिऱ्हाईक पैसे देऊन काढून घेते. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे, करार नसेल तर, त्यांचा हक्क त्या घराचा असतो. तरीही किती स्टुडिओ वधूचे फोटो न विचारता आपल्या जाहिरातीत लावतात! आपल्या समाजात अनेक घरांना मुलीबाळींचे फोटो चारचौघांत गेलेले चालत नाहीत. त्यांनी विश्वासाने आपल्याला जनानखान्यात येऊ दिलेले असते. तो फोटो आपल्याकडे अमानत आहे. एका स्टुडिओने न विचारता टाकलेला फोटो पुढे कोणीतरी उचलतो, आणि मग त्या मुलीच्या वडिलांना तोंड लपवायची वेळ येते. आपला फोटो चोरीला गेला म्हणून ओरडण्याआधी आपण कोणाचा विश्वास मोडला नाही ना, हे पाहिले पाहिजे. जाहिरातीत वापर करायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. नाही म्हटले तर राग मानू नका.

दुकानदार बंधूही यातून सुटत नाहीत. मिठाईच्या डब्यावर, बॅनरवर, कॅलेंडरवर गूगलमध्ये शोधून मिळालेला फोटो बिनदिक्कत छापला जातो. डिझाइन करणाऱ्याने टाकला, मला काय माहीत, असे म्हणून भागत नाही. शोधात दिसलेला फोटो म्हणजे फुकटचा माल नव्हे. वापरायला मोकळे असलेले फोटो वेगळे मिळतात. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असे हजारो फोटो आहेत. त्यातही काहींना कर्त्याचे नाव देण्याची अट असते, तर काहींना धंद्यात वापरायची मनाई असते. परवाना वाचूनच वापरावा. आपला मालाचा फोटो आपणच काढावा, हे सगळ्यात उत्तम.

चोरी होण्याआधी काय करावे?

निगेटिव्हची जागा आता मूळ फाईलने घेतली आहे. कॅमेऱ्यातील मूळ, मोठी फाईल दोन ठिकाणी जपून ठेवावी. तीत तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती आपोआप नोंदलेली असते. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत मालकाचे नाव आणि कॉपीराइटची ओळ भरून ठेवण्याची सोय असते. ती एकदा भरली की प्रत्येक फोटोत उतरते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविल्यास ही माहिती गळून पडते. ती राहायला हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. एकाच प्रसंगाचे आगेमागे काढलेले, कोठेही न टाकलेले फोटो पुसू नयेत. उचलणाऱ्याकडे तो एकच फोटो असतो. आपल्याकडे त्याच्या आधीचा आणि नंतरचाही असतो. यापेक्षा बोलका पुरावा नाही.

नेटवर टाकताना लहान आकाराची प्रत टाकावी, छपाईला चालेल अशी मोठी कधीच टाकू नये. नाव कोपऱ्यात न घालता मालावरून फिकट असे घालावे, म्हणजे पट्टी कापून भागत नाही. शिवाय हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा कलम ६५ब प्रमाणे वेगळा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे.

नोंदणी सक्तीची नसली तरी ज्या फोटोवर आपली कमाई चालते त्याची नोंदणी करून ठेवणे शहाणपणाचे. कॉपीराइट कार्यालयाकडे अर्ज नेटवरूनच करता येतो. साध्या कलाकृतीची फी ५०० रुपये आहे, मालाच्या वेष्टनासारख्या कामासाठी वापरायची असेल तर २००० रुपये. नोंदणीचे प्रमाणपत्र न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानले जाते.

चोरी आढळली तर?

महिन्यातून एकदा आपले महत्त्वाचे फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय यावर टाकून शोधावेत. तोच फोटो आणखी कोठे आहे ते तिथे दिसते. आढळला तर लगेच भांडायला फोन करू नये. फोन केला की समोरचा फोटो काढून टाकतो आणि पुरावा जातो. आधी पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. मालाच्या विक्रीत वापरला असेल तर भाव आणि विक्रेत्याचे नावही टिपावे, जमल्यास एक नग मागवून बिल जपावे. असे संगणकीय पुरावे न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. वकील ते तयार करून देतात.

मग पत्र. पहिले पत्र समजुतीचे असावे. फोटो माझा आहे, हा पुरावा, अमुक तारखेपर्यंत काढा आणि आजवरच्या वापराचे एवढे बिल द्या. या पत्राचा दुहेरी फायदा आहे. बरीच प्रकरणे इथेच मिटतात. आणि मिटली नाहीत तरी, मला ठाऊकच नव्हते असे म्हणायची सोय समोरच्याला पत्र मिळाल्यानंतर राहत नाही. ठाऊक नसल्याचे सिद्ध करणाऱ्याकडून कायद्यात फक्त मनाई आणि नफ्याचा हिस्सा मागता येतो, पूर्ण भरपाई मिळत नाही.

पत्राला उत्तर नाही आले तर ज्या संकेतस्थळावर फोटो आहे त्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे तक्रार योग्य वाटली तर त्या कंपनीने ३६ तासांत तो फोटो लोकांना दिसणे थांबवायचे असते. पण ही बंदी २१ दिवसांची असते. तेवढ्यात आपण न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर कंपनी तो पुन्हा दाखवू शकते, आणि दावा दाखल करण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागते. मोठ्या परदेशी कंपन्यांचे स्वतःचे अर्जही असतात. ते अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यावर बेतलेले असल्याने समोरच्याने हरकत घेतली नाही तर काम तेवढ्यावरच होते.

शेवटचा मार्ग न्यायालयाचा. यात आपल्या सोयीची गोष्ट अशी की दावा आपण राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करता येतो. चोर दिल्लीला असला तरी आपण दिल्लीला धावायचे कारण नाही. साधारण तीन वर्षांच्या आत दावा करावा. तीन लाख वा त्याहून जास्त मूल्याचा व्यापारी दावा असेल आणि तातडीची मनाई नको असेल तर आधी मध्यस्थीला जावे लागते. उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. महिला कारागिरांना तर उत्पन्नाची अट न लावता ही सोय आहे. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे पोलीस तक्रार घेऊ शकतात.

मात्र दोन गोष्टींचे भान ठेवावे. बातमी देण्यासाठी, समीक्षेसाठी किंवा खासगी अभ्यासासाठी केलेला योग्य वापर चोरीत मोडत नाही. आणि हक्क नसताना कोर्टाची धमकी दिली तर समोरचा आपल्यावरच दावा करू शकतो.

पुढे काय झाले?

भाईंनी सहल कंपनीला पत्र आणि बिल पाठविले. सोबत त्याच पहाटेचे आणखी सहा फोटो जोडले, जे त्यांच्याशिवाय कोणाकडे असणे शक्य नव्हते. तीन आठवड्यांनी निम्मी रक्कम आली आणि जाहिरातीतून फोटो गेला. रक्कम मोठी नव्हती. पण भाईंनी ती स्टुडिओच्या हिशेबात ‘फोटो वापर’ या नव्या खात्याखाली लिहिली, याचे आम्हाला अप्रूप वाटले.

विणकरांचे काम अजून चालू आहे. त्यांनी स्वतःच्या नावाने तक्रार केल्यावर ते पान बंद झाले. पंधरा दिवसांनी तोच विक्रेता वेगळ्या नावाने उगवला. त्यांनी पुन्हा तक्रार केली. आता त्यांनी प्रत्येक शालीचा फोटो मागावरच, विणकराचे हात दिसतील असा काढून घ्यायला सुरुवात केली आहे. शाल उलटी करून मागची बाजूही ते दाखवतात, कारण छापील शालीला ती बाजू नसते. फसलेल्या गिऱ्हाइकांना ते स्वतः फोन करून समजावतात. त्यांतील दोघांनी पुढे खरी शाल मागवली.

वाचक बंधूंनो, आपल्यापैकी कोणी माग चालवतो, कोणी चप्पल शिवतो, कोणी पितळेवर नक्षी करतो. आता गिऱ्हाईक आपला माल हातात घेण्याआधी त्याचा फोटो पाहते. फोटो गेला तर त्याबरोबर आपले नावही जाते. पावतीवरच्या त्या दोन ओळी आजच छापून घ्याव्यात, एवढीच आमची विनंती आहे.